हैबतराव मास्तरांच्या खुणा

हैबतराव मास्तर पहिल्यांदा माझ्या वर्गात आले ते काखेत भोपळा घेऊन.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत होतो. पोरांना वस्तुचित्रातली सावली समजावून सांगत होतो आणि पोरं नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत होती. एवढ्यात दारातून आधी एक भला मोठा फेटा आत आला, त्यामागून मिशा आल्या आणि सगळ्यात शेवटी, त्या दोन्हींच्या मानाने फारच थोडके असे हैबतराव मास्तर आले. त्यांनी भोपळा माझ्या टेबलावर ठेवला.

"ड्राइंगमास्तर, ह्याला पांढरा रंग लावून द्या."

"भोपळ्याला? कशाला?"

"घोड्याला दिसाय पायजे की!"

वर्ग असा काही हसला की शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर येऊन डोकावून गेले. मास्तर मात्र शांतपणे भोपळ्याकडे बघत उभे. त्यांना स्वतःच्या बोलण्यात हसण्यासारखं कधीच काही सापडत नसे. म्हणून तर आम्हाला जास्त हसू येई.

मास्तर पूर्वी संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वारी शिकवत. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, घोडी चहूकडे पांगली. त्यातली तीन आमच्या शाळेच्या संस्थेला मिळाली. स्वातंत्र्य नवं होतं, तरुणांना मर्द वगैरे बनवायचं सगळ्यांच्याच मनात होतं. तेव्हा शाळेच्या मैदानावर सकाळचा घोडेस्वारीचा वर्ग सुरू झाला आणि घोड्यांबरोबर मास्तरही आले. घोडी संस्थेची होती, पण त्यातली मैना कुणाची हे विचारायची गरज नव्हती. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा असलेली ती घोडी मास्तरांनी शिंगरू असल्यापासून शिकवलेली. मास्तर आणि ती एकमेकांशी बोलत. म्हणजे मास्तर बोलत आणि ती ऐकून घेई. माझ्या माहितीतल्या बऱ्याच संसारांपेक्षा त्यांचं बरं चाललं होतं.

अख्ख्या गावात मास्तरांना खुपायचे ते फक्त टांगेवाले. रस्त्याने टांगा दिसला की मास्तर थांबत, तो जाईपर्यंत त्याच्याकडे बघत आणि मगच बोलत.

"त्येंच्या हातात लगाम न्हाय, हिरीचा दोर हाय. वढतोय आपला, वढतोय. घोड्याला तोंड असतंय हे कुनी सांगिटलंच न्हाय त्येस्नी."

आता भोपळ्याचं. घोडा वळवायला शिकवताना मैदानात ओळीने काहीतरी उभं करून ठेवतात आणि स्वाराला त्यामधून नागमोडी घोडा न्यायचा असतो. त्या उभ्या केलेल्या वस्तूंना मास्तर 'खुणा' म्हणत. रिसाल्यात त्यांच्याकडे चांगल्या लाकडी खुणा होत्या म्हणे, पण रिसाल्याबरोबर त्याही कुणाच्या तरी चुलीत गेल्या. शाळा म्हणाली, विटा ठेवा. मास्तरांना हे ऐकून कुणी शिवी दिल्यासारखं झालं.

"सरळ घोडं कुनीबी पळवतंय," दुसऱ्या दिवशी ते मला समजावत होते. "भ्यालेला मानूस बी सरळच पळवतोय. वळवाय अक्कल लागती. आनि वळवाय खूण लागती. ती घोड्याला लांबनं दिसाय पायजे, वाऱ्यानं पडाय नगं, आनि पाय लागला तर घोड्याला लागाय नगं. हाय काय तुमच्या इटंत ह्यातलं काय?"

"भोपळ्यात आहे?"

"न्हाय," मास्तर म्हणाले. "त्यो गडगडतोय. पर हे काल कळलं असतं तर मी हितं आलो असतो काय?"

खूण चालेल की नाही हे ठरवायची त्यांची एक रीत होती. वस्तू जमिनीवर ठेवायची, दोन पावलं मागे जायचं, डोळे मिटायचे आणि चालत येऊन तिच्यावर आपली नडगी आपटायची. "आदी मला लागू दे, मग घोड्याला." कुंभारवाड्यात त्यांनी एकदा अशा रीतीने एका मडक्याचा निकाल लावला आणि कुंभारणीने त्यांचा. बुरुडाच्या दुकानात टोपली, तेल्याच्या दारात डबा, देवळाच्या पायरीशी कुणीतरी ठेवलेली छत्री, काही म्हणून सुटलं नाही. त्यांच्याबरोबर बाजारात जायला लाज वाटायची, आणि मी प्रत्येक वेळी जायचो.

खुणांमधलं अंतरही त्यांनी कधी टेपाने मोजलं नाही. मैनेला हाताशी धरून ते मैदानातून चालवत, तिची पावलं मनाजोगी पडली की तिथे काठीने रेघ मारत. नवा स्वार असला की अंतर ऐसपैस, तयार झाला की जवळ. मी एकदा शाळेची फूटपट्टी देऊ केली तर म्हणाले, "ठेवा तुमच्यापाशी. मैना कवा चुकल्याली न्हाय, तुमच्या पट्टीचं मला म्हाईत न्हाय."

भोपळ्यानंतर हेडमास्तरांच्या बागेतल्या कुंड्या झाल्या, त्या हेडमास्तरांनीच परत नेल्या. मग निशाणं झाली, ती मैनेने खाल्ली. मग आली डालगी. कोंबड्या झाकून ठेवायची बांबूची पालथी डालगी नडगीच्या परीक्षेत उत्तम मार्कांनी पास झाली. मैदानाला लागून रखमाबाई नावाच्या बाई राहत. मास्तरांनी त्यांची झाडून सगळी डालगी मागून आणली आणि ओळीने मांडली.

आमचे हेडमास्तर तत्त्वाचे गृहस्थ. शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे उदाहरण घालून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. उदाहरण घालून द्यायला ते बिजली नावाच्या घोडीवर बसले. बिजली नावापुरतीच बिजली, दोन खुणांमध्ये तिला डुलकी लागायची. त्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी रखमाबाईंना आपल्या कोंबड्या झाकायच्या होत्या. घरात डालगं नव्हतं. डालगी मैदानात ओळीने मांडलेली दिसत होती. बाईंनी कोंबड्या नेऊन आपल्याच डालग्यांखाली घातल्या आणि त्या भाकरी करायला घरात गेल्या. त्यांचं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

बिजलीचा पाय पहिल्या डालग्याला लागला आणि डालग्यातून कोंबडी आरडाओरडा करत तिच्या तोंडासमोर उडाली. मग बिजलीने आपलं नाव सार्थ केलं. धूळ बसल्यावर हेडमास्तर कडुलिंबाच्या आळ्यात सापडले. मास्तर धावत गेले. त्यांनी आधी बिजलीचा पाय बघितला, मग डालगं बघितलं, मग कोंबडी बघितली आणि मग हेडमास्तरांना हात दिला.

"मास्तर, तुमचा घोडा!" हेडमास्तर धापा टाकत म्हणाले.

"घोडा चुकला न्हाय, साहेब," मास्तर म्हणाले. "खूण चुकली."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कुणीही पडो, काहीही मोडो, घोडा चुकलेला नसे. एक तर खूण चुकलेली असे, नाही तर वर बसलेला.

वर बसलेले चुकायला बसाप्पाशेट होतेच. शेट मूळचे निपाणीकडचे, शाहूपुरीत गुळाचे व्यापारी. डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं म्हणून ते वर्गाला येऊ लागले. एवढा मोठा माणूस घोड्यावर चढवायचा तर घोडा शहाणा हवा, म्हणून त्यांना मैना मिळाली. शेट भीतीने तिच्याशी कानडीत बोलत आणि खुणेकडे टक लावून बघत. मग मैना थेट खुणेवर जाई.

"शेट, खुणंकडं बघू नगा. पुढल्या खुणंकडं बघा! जिकडं तुमची नजर, तिकडं घोडं."

"पुढली बघितली की ही मोडती की हो!"

"मोडू दे. पर बघायचं पुढंच."

शेटना हे जमायला वर्ष लागलं. पोट काही कमी झालं नाही, पण माणूस घोड्यावर खुलला. एका सकाळी त्यांनी एकही खूण न पाडता मैनेला ओळीतून नेलं आणि मास्तरांना आनंदाच्या भरात गोदामावर चहाला बोलावलं. मलाही बोलावलं. तिथेच ती खूण सापडली.

गुळाची ढेप बादलीच्या आकाराची असते आणि तिच्यावर गोणपाट शिवलेलं असतं. गोदामाच्या कोपऱ्यात ढेप काढून घेतलेली रिकामी गोणपाटं पडली होती. पडली होती म्हणजे उभी होती. मुरलेल्या गुळाने ती इतकी ताठ झाली होती की आत काही नसताना ढेपेचा आकार धरून उभी होती, खाली रुंद, वर निमुळती. मास्तरांच्या हातातली बशी हातातच राहिली. त्यांनी डोळे मिटले, चालत गेले आणि नडगी आपटली. गोणपाट वाकलं आणि पुन्हा उभं राहिलं.

"ड्राइंगमास्तर," मास्तर हळूच म्हणाले, "मारून बगा."

मी मारून बघितलं. शेटनी मारून बघितलं. आम्ही मोठी माणसं त्या गोदामात गोणपाटांवर नडग्या आपटत होतो आणि हमाल कामं टाकून बघत होते. मास्तरांना इतकं आनंदात मी त्यापूर्वी बघितलं नव्हतं.

नेमकं त्याच सुमारास संस्थेला नवे अध्यक्ष आले. ते वकील होते, सरळ होते, पण हसणं त्यांना शिकवायचं राहून गेलं होतं. मोटारी आणि सायकलींच्या दिवसांत शाळेने घोडी कशाला पोसायची, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलायचं तर याचं उत्तर देता आलं असतं. घोडी विकायचं जवळजवळ ठरलं. स्टेशनवरचा एक टांगेवाला येऊन मैनेचे दात बघून गेला. मास्तर तेव्हा तिथेच उभे होते. त्याने मैनेचा जबडा उघडला आणि मास्तरांनी तोंड फिरवलं.

त्या दिवशी ते माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसून राहिले. पोरं गेल्यावर म्हणाले, "तिनं पाठीवर मानूस घेतलाय, ड्राइंगमास्तर. मागं वझं कवा वढलं न्हाय. त्यो चाबूक मारंल. तिला म्हाईत न्हाय चाबूक काय असतोय."

मला फार वाईट वाटलं. मी हेडमास्तरांकडे गेलो. आळ्यातला प्रसंग विसरून त्या भल्या माणसाने अध्यक्षांकडे शब्द टाकला, आणि अध्यक्ष एकदा प्रात्यक्षिक बघून मग निर्णय घ्यायला कबूल झाले. मैनेचं काय होणार ते आता त्या एका सकाळवर अवलंबून होतं.

मास्तर कामाला लागले. शेटनी निवडक गोणपाटं पाठवली. मास्तरांनी त्यात उसाचं वाळकं पाचट भरलं, तोंडं शिवली, आणि मी त्यांवर चुन्याचा हात देऊन लाल पट्टे ओढले. सुरेख दिसत होत्या खुणा. सरावाला जुनीच डालगी, नव्या खुणा एकदम पाहुण्यांसमोरच काढायच्या, असं मास्तरांनी ठरवलं. तोवर त्या माझ्या ड्रॉइंगच्या कपाटात राहिल्या. चार दिवसांत कपाटाला मुंग्यांची रांग लागली.

"मास्तर, गोणपाटं धुऊन घ्यायची का?" मी विचारलं.

"खुळं हायसा काय तुमी? धुतली की मऊ पडत्यात. त्यो गूळच त्येंचा कणा हाय."

"पण मुंग्या लागल्यात."

"मुंग्या घोड्याला चावत न्हाईत," मास्तर म्हणाले आणि विषय संपला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी चैत्राचं ऊन होतं. मंडपात अध्यक्ष, बाजूला हेडमास्तर, मागे अख्खी शाळा आणि कुंपणाला कोंबड्या सोडून आलेल्या रखमाबाई. मैदानात लाल-पांढऱ्या खुणा ओळीने उभ्या. उन्हात गूळ पाझरायला लागला होता आणि चुन्याला तडे गेले होते, पण एवढ्या लांबून ते कुणाला दिसणार? मास्तरांचा फेटा नवा होता. मैनेवर शेट होते, पाठोपाठ बिजली आणि तिसरा घोडा सुलतान, त्यांच्यावर वरच्या वर्गातली मुलं.

मास्तरांनी हात वर केला. मैना दुडक्या चालीने निघाली. शेट ताठ बसले होते, नजर शिकवल्याप्रमाणे पुढल्या खुणेवर. मैनेची नजर मात्र पहिल्याच खुणेवर होती. ती खुणेपाशी आली, थांबली, मान खाली घातली आणि चाटायला लागली.

शेटनी टाच मारली, मराठीत सांगितलं, कानडीत विनवलं. मैना चाटत होती. बिजली मागून आली, तिने पुढली खूण धरली. सुलतानाने त्याच्या पुढली.

"हे काय चाललंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"सलामी," हेडमास्तर घाईघाईने म्हणाले. "मान लववून सलामी देताहेत."

अध्यक्ष उठून उभे राहिले आणि त्यांनी गंभीरपणे नमस्कार केला. त्याच क्षणी मैनेने खूण दातांत धरून फाडली. पाचट उडालं. बसाप्पाशेटच्या मांडीवर, फेट्यावर, मिशांवर पाचट. शाळा हसत सुटली. रखमाबाई कुंपणाला धरून हसत होत्या. मीही हसलो, मला आवरलंच नाही. आणि मग मास्तरांकडे बघितलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

ते सावकाश चालत मैदानात गेले. आता मैनेला चाबूक बसणार, असं नवख्या लोकांना वाटलं असेल. मास्तरांनी गोणपाटाचा तुकडा उचलला, स्वतः चाटून बघितला, तिच्या मानेवर थोपटलं आणि मंडपाकडे आले.

"साहेब, घोडी चुकली न्हाय. खूण चुकली. आनि खूण मी निवडल्याली. शिक्षा मला करा, तिला नगं."

"शिक्षेचा प्रश्न नाही, मास्तर," अध्यक्ष म्हणाले. "उपयोगाचा प्रश्न आहे."

वर्ग बंद झाला. बिजली आणि सुलतान कुरुंदवाडकडच्या एका शेतकऱ्याकडे गेले. मैनेवर त्या टांगेवाल्याचा डोळा होताच. अध्यक्ष माणूस सरळ, त्यांनी मास्तरांचा रीतसर निरोपसमारंभ ठेवला. भाषणं झाली. हेडमास्तर शाल आणि नारळ घेऊन पुढे आले, तर मास्तर दोन पावलं मागे सरकले.

"शाल नगं, साहेब. मला मैना द्या."

मागून बसाप्पाशेट ओरडले, "द्या की हो!"

"तुम्हाला द्यायला हरकत नाही," अध्यक्ष विचार करून म्हणाले. "पण तिला पोसणार कसे? तुमची आता नोकरी नाही."

मास्तर जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिचं ती मिळवंल. मी मागं बसतो. टांग्यावर."

त्यांना ओळखणारे आम्ही चार-दोनजण होतो तिथे. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. 

पुढल्या वर्षी मला पुण्याला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी न सांगता मास्तर टांगा घेऊन दारात हजर. फेटा तोच, मिशा त्याच. चाबूक ठेवायच्या जागी चाबूक नव्हता, एक चिमुकलं निशाण खोचलेलं होतं. मी, बायको, ट्रंका आणि माझा चित्रांचा बोर्ड असे सगळे चढलो. स्टेशनच्या रस्त्याचं काम चाललं होतं आणि मधोमध डांबराची पिंपं उभी होती. बाकीची वाहनं एका कडेने हळूहळू जात होती. मास्तरांनी पिंपं बघितली. त्यांची पाठ ताठ झाली.

"वैनी, घट्ट धरा," एवढंच ते म्हणाले.

मैना दुडक्या चालीने पिंपांमधून नागमोडी निघाली. लगाम हलताना दिसत नव्हता. बायको किंचाळत होती, कामावरचे मजूर पाट्या टाकून उभे राहिले होते, आणि एकाही पिंपाला चाक लागलं नाही.

स्टेशनच्या आवारात मास्तरांनी मैनेला टांग्यापासून सोडलं आणि तिच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधला. तोबऱ्यावर लाल पट्टे होते. मी ओढलेले. उलटी केलेली खूणच होती ती.

"आता तरी धुतलीत का?" मी विचारलं.

"धुतल्यावर तिला काय ऱ्हायलं त्यात?"

मास्तर आम्हाला डब्यापर्यंत पोचवायला आले. त्यांनी बायकोच्या हातात गुळाचा खडा दिला, प्रवासात तोंड गोड करायला. शिट्टी झाली, गाडी सुटली. मी खिडकीतून हात हलवत होतो, पण मास्तरांचं लक्ष फलाटाच्या टोकाला गेलं होतं. तिथे आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या ओळीने टांगलेल्या होत्या. मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं, एक बादली काढली, वाळू ओतली आणि ती फलाटावर पालथी घातली. दोन पावलं मागे गेले. डोळे मिटले.

मैदान नव्हतं, वर्ग नव्हता, शिकायला येणारं कुणी नव्हतं. कुणासाठी बघत होते कोण जाणे. आवाज गाडीत ऐकू आला. मास्तर नडगी चोळत एका पायावर उभे राहिले आणि हात तोंडाशी धरून मला ओरडून म्हणाले,

"लागतंय, ड्राइंगमास्तर! न्हाय चालायची!"